हातावर फिरलेली दोन बोटं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते ओरेस्तेस प्रोफेंचे. आईवडिलांचे उपकार सांगायचे नसतात आणि शाळेतल्या गुरुजींचे फिटत नाहीत, म्हणून ते दोन्ही बाजूला ठेवतो. उरलेल्या जगात पहिलं नाव त्यांचं. ते क्यूबाचे. वर्णाने काळेभोर, साठीचे, ताठ. मँचेस्टरला दिवसा ते विद्यापीठाच्या टपालखोलीत पत्रं लावत आणि संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात स्पॅनिश शिकवत. मी त्यांचा जवळजवळ चार वर्षं विद्यार्थी होतो, आणि त्या वर्षांत त्यांचा हेवा वाटला नाही असा एकही आठवडा गेला नसेल. हे लिहिताना लाज वाटते. पण त्यांच्याविषयी खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. खोटं मी त्यांच्याशी पुरेसं बोललो आहे.

ते खोटं आधी सांगून टाकतो. मी बीड जिल्ह्यातल्या धारूरचा. आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, हंगाम संपून पट्टा पडला की परत यायचे. मी शिकावं म्हणून मला वसतिगृहात ठेवलं, तरी सुट्ट्यांत माझ्याही हातात कोयता असायचा. घरातला पहिला पदवीधर मी. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि दोन हजार चारच्या सप्टेंबरात मँचेस्टरला पीएच.डी.साठी आलो. ज्या घरात खोली मिळाली तिथे पुण्याचा मंदार होता, आयटीतला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं चहा करता करता विचारलं, "बाबा काय करतात रे?"

"शुगर इंडस्ट्रीत आहेत," मी म्हणालो.

"आयला! म्हणजे साखरसम्राट! आणि राहतोस आमच्याबरोबर ह्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये?"

तेव्हापासून त्या घरात माझं नाव 'सम्राट' पडलं. मी हसायचो. वाक्य तर खोटं नव्हतं.

संशोधनासाठी विषयही मी असाच निवडला होता, स्वतःच्या उसापासून जितकं लांब जाता येईल तितका लांबचा. क्यूबातल्या साखर कारखान्यांवर गुलामगिरी उठल्यानंतर कामगारांचं काय झालं, हा माझा विषय. त्यासाठी स्पॅनिश लागत होतं. म्हणून मंगळवारच्या वर्गात नाव घातलं, आणि तिथे ओरेस्तेस भेटले.

पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हणालो. ते थांबले. "सर म्हणजे कारखान्याचा मालक. मी ओरेस्तेस."

वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं मला जमेना. शेवटी क्यूबातली पोरं मास्तरांना म्हणतात तसं 'प्रोफे' म्हणायचं ठरलं. तेही माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि तू मोरो."

"म्हणजे?"

"काळा, पण केस सरळ. केस कुरळे आणि कातडी उजळ असती तर वेगळा शब्द. दोन्ही मधलं असतं तर आणखी वेगळा." मग त्यांनी फळ्यावर ओळीनं शब्द लिहिले. गव्हाळ, तांबूस, दुधाळ कॉफी, कडक कॉफी, केस असे, नाक तसं. फळा भरला. मागे बसलेल्या एका इंग्रज बाईंनी विचारलं, "एवढे शब्द?"

"हो ना," प्रोफे म्हणाले, "आमच्याकडे रंगाला कुणी विचारत नाही. आम्ही सगळे क्यूबन."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांना हे खरंच तसं वाटत होतं.

त्यांच्या सवयी फार. हिवाळा कितीही असो, कोटाच्या आत इस्त्रीचा पांढरा सदरा, चार खिशांचा. वह्या हिरव्या शाईने तपासायचे, कारण कारखान्यात बिघडलेल्या मालावर लाल शेरा मारत असत आणि "माणूस बिघडलेला माल नसतो." मायदेशी ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यामुळे इंग्लंडमधल्या दुकानांत त्यांचं एक भांडण कायम चालू असे. साखरेचा पुडा उचलायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, बारीक अक्षरं वाचायची आणि पुडा परत ठेवायचा. "बीट! जमिनीखाली वाढलेल्या गोष्टीला हे लोक साखर म्हणतात. त्यापेक्षा बटाटा घाला चहात." उसाची साखर सापडली की मात्र चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. त्यांच्या घरी कॉफीचा एक विधी होता. किटलीतून पहिले चार थेंब पडले की ते साखरेत घालून चमच्यानं घोटत बसायचे, पांढरा फेस येईपर्यंत. त्यांची बायको मार्गारेट, नर्स होती, ती म्हणायची, "मी याच्याशी लग्न केलं तेव्हा हा पाच मिनिटांत कॉफी देईन म्हणाला होता. अजून वाट बघते आहे."

त्यांच्या घरी मी दर शनिवारी जायचो. वर्गात शिकून माझं भागत नव्हतं, जुन्या दस्तऐवजांची भाषा अवघड होती. प्रोफे एक पैसा न घेता दोन-दोन तास माझ्यासोबत कारखान्यांची जुनी पुस्तकं वाचत बसायचे. त्यांत माणसांच्या याद्या असत. नाव, वय, आणि आडनावाच्या जागी आफ्रिकेतल्या टोळीचं नाव. एकदा अशाच यादीवर बोट ठेवून ते म्हणाले, "माझी पणजी अशीच कुठेतरी आहे. सेराफिना लुकुमी. आमचं आजचं आडनाव मात्र मालकाचं."

"तुम्हाला राग नाही येत त्या आडनावाचा?"

"का येईल? त्याच मालकाच्या उसात तिनं कोयता चालवला आणि त्याच कोयत्यानं तिचा नवरा स्वातंत्र्याच्या लढाईत लढला. कारखान्याची घंटा पूर्वी गुलामांना उठवायला वाजायची. मग एका दिवशी तीच घंटा, तुम्ही मोकळे आहात, हे सांगायला वाजली. आमच्या देशाचा जन्म उसाच्या फडात झालाय, मोरो."

हे ते अगदी सहज बोलले, कॉफी घोटत. आणि मला हेवा वाटला. ह्या माणसाची पणजी विकत घेतलेली बाई होती आणि तो ते छाती पुढे काढून सांगत होता. त्याच्याकडे कोयता झेंड्याच्या शेजारी जाऊन बसला होता. एका वर्षी तर म्हणे सगळा देशच ऊस तोडायला निघाला होता, डॉक्टर, कारकून, नाटकातले नट. प्रोफेही गेले होते. दुसऱ्याच दिवशी कोयता नडगीवर बसला. पँट वर करून त्यांनी मला तो व्रण दाखवला. "ऑफिसातला माणूस! पाय मागे घ्यायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही." केवढ्या अभिमानानं दाखवला! माझ्या आईच्या दोन्ही हातांवर असे व्रण आहेत. ती लग्नाकार्यात पदराखाली झाकते.

वडील शुगर इंडस्ट्रीत आहेत, हे मी त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या कारखान्यात गाळप कसं असतं? कोणत्या विभागात आहेत?"

"केन डिपार्टमेंट, उसाचा विभाग," मी म्हणालो.

"वा," ते म्हणाले. "महत्त्वाचा विभाग."

त्यानंतर काही आठवड्यांनी रशहोम भागातल्या एका दुकानात मला ऊस दिसला. कांड्या कापून ठेवलेल्या, जरा सुकलेल्या, पण ऊस. दोन घेतल्या आणि प्रोफेंकडे गेलो. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकघरातली सगळ्यांत मोठी सुरी काढून माझ्या हातात दिली आणि मार्गारेटला हाका मारायला गेले. मी ऊस डाव्या हातात तिरका धरला, फिरवत फिरवत साल उतरवली, पेरावर एकेक घाव घालून तुकडे केले. मिनिटही लागलं नसेल. वळून बघतो तर प्रोफे दारात उभे. मार्गारेट म्हणाली, "गुडनेस, किती झटपट!" प्रोफे माझ्या पायांकडे बघत होते. मग पुढे येऊन तुकडा उचलला आणि चोखू लागले.

हेवा आता रोजचाच झाला होता. माझ्या गाइड डॉक्टर हॅरिएट मला म्हणायच्या, "तुझ्या प्रकरणात सगळं आहे, फक्त तू नाहीस. हा विषय तुलाच का घ्यावासा वाटला?" मी आणखी तळटिपा घालायचो. आणि ह्याच बाई टपालखोलीत पत्र टाकायला जायच्या त्या प्रोफेंशी अर्धा तास बोलून, हसत परत यायच्या. माझ्या तीनशे तळटिपांपेक्षा त्यांच्या एका पणजीचं वजन जास्त होतं.

अशा मनःस्थितीत एका शनिवारी मला त्यांच्यातली फट सापडली.

प्रोफेंना पहिल्या लग्नाची एक मुलगी होती, यानेत, हवानाला. तिच्याबद्दल ते कमी बोलत. त्या दिवशी बोलले. तिनं लग्न ठरवलं होतं. "मुलगा चांगला आहे. डॉक्टर आहे. घरचे लोक साधे. पण..." आणि पुढचा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताच्या कातडीवरून दोनदा फिरवली, मनगटापासून कोपराकडे.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. मुलगा काळा होता. प्रोफेंहूनही काळा.

"माझी आई म्हणायची, वंश पुढे न्यायचा असतो, मागे नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लग्न करताना एक पायरी उजळ बघायचं. मी फोनवर यानेतला फक्त एवढंच म्हणालो, की विचार कर." मग त्यांनी विषय बदलला.

आमच्याकडेही सोयरीक ठरताना 'मुलगा चांगला आहे, पण' एवढं म्हणून माणसं थांबतात, आणि पुढचं सगळ्यांना कळतं. ते दोन बोटांचं बोलणं मला परकं नव्हतं. मला त्यांच्याविषयी वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. बसमध्ये बसून घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

गुलामांच्या व्यापारावर ब्रिटननं बंदी आणली त्याला दोन हजार सातमध्ये दोनशे वर्षं झाली. त्या वर्षी गावोगावी व्याख्यानं, प्रदर्शनं चालू होती. आमच्या भागातल्या ग्रंथालयानंही एक कार्यक्रम ठेवला. डॉक्टर हॅरिएटना विचारलं गेलं, कोणाला बोलवावं? मी तिसऱ्या वर्षाला होतो, त्याच विषयावर काम करत होतो. त्यांनी प्रोफेंचं नाव सुचवलं.

खुर्च्या भरल्या होत्या. मंदारही आला होता, "वाइन फुकट आहे रे सम्राट" म्हणत. तो तिसऱ्या रांगेत, मी त्याच्या शेजारी. प्रोफे पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले, हातात कागद नाही. पणजीबद्दल बोलले, घंटेबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "त्या लढाईत काळं आणि गोरं रक्त एकाच चिखलात सांडलं. त्यातून आम्ही झालो. तेव्हापासून आमच्याकडे माणसाचा रंग कुणी विचारत नाही." टाळ्या थांबेनात. डॉक्टर हॅरिएट रुमालानं डोळे टिपत होत्या. माझ्या एकाही पानावर त्यांचे डोळे ओलावले नव्हते.

प्रश्नांची वेळ आली आणि माझा हात वर गेला.

"प्रोफे, तुमच्या देशात रंग कुणी विचारत नाही म्हणता. मग होणाऱ्या जावयाबद्दल मला सांगताना तुम्ही असं का केलंत?" आणि सगळ्यांसमोर मी माझी दोन बोटं माझ्या हातावरून फिरवली.

कुणाला अर्थ कळला, कुणाला नाही. पहिल्या रांगेत मार्गारेटनं मान खाली घातली, त्यावरून बाकीच्यांनाही काहीतरी कळलं. प्रोफे माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे.

"खरं आहे त्याचं," ते म्हणाले. "मी असं केलं. मी जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेही खरं आहे. तोंडानं मी क्यूबन आहे. हात अजून मालकाच्या वाड्यात आहे. माझ्या मुलीचं लग्न झालं. मला बोलावलं नाही. गेले आठ महिने ती फोन उचलत नाही." मग म्हणाले, "ज्यानं हे विचारलं तो माझा सगळ्यांत चांगला विद्यार्थी आहे."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. आणि खरं सांगतो, शरमेच्याही आधी मनात आलं ते हेच, की घाव मी घातला आणि टाळ्याही त्यांनाच.

मंदार कानात म्हणाला, "काय माणूस आहेस रे तू! ते तुला जेवायला घालतात ना दर शनिवारी?"

बाहेर ट्रामच्या थांब्यावर मी एकटा उभा होतो. प्रोफे आले. मार्गारेट मागे दहा पावलांवर थांबली. मी म्हणालो, "माफ करा, प्रोफे." त्यांनी हात उडवला.

"प्रश्न बरोबर होता. फक्त तू तो कुठे उभा राहून विचारलास?"

मी ट्रामच्या रुळांकडे बघू लागलो.

"त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तू ऊस कापलास," ते म्हणाले. "पहिला घाव घालायच्या आधी डावा पाय मागे घेतलास. ओट्यावर ऊस कापायला पाय मागे घ्यावा लागत नाही, मोरो. तो फडात घ्यावा लागतो. केन डिपार्टमेंटच्या बाबूचा मुलगा तो घेत नाही."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून."

"मग आज का नाही सांगितलंत? मी तुमच्याशी असं वागलो, आणि सगळे बसले होते. मंदार होता. हॅरिएट होत्या."

"ते सांगणं तुझं आहे. माझं नाही." ट्राम येताना दिसली. त्यांनी कोटाची कॉलर वर केली. "माझ्या पणजीबद्दल तू तीनशे पानं लिहितो आहेस. तिला चालेल. पण तुझ्या आईबद्दल कोण लिहिणार? मी?"

ट्राम आली, ते दोघं चढले. मी पुढच्या ट्रामसाठी थांबलो.

मला वाटलं, आता शनिवार संपले. पुढच्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी माझं प्रकरण परत दिलं. सतरा पानं, हिरव्या शाईनं तपासलेली, शेवटी शेरा: 'शनिवारी ये. पान नऊवर भाषांतर चुकलं आहे.' मला त्या शेऱ्याचाही हेवा वाटला. मला असा शेरा कधी लिहिता आला नसता.

पुढच्या वर्षी यानेतला मुलगी झाली. तिनं स्वतःहून फोन केला. प्रोफेंनी टपालखोलीतल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि दोघांनी क्यूबाला जायचं ठरवलं. मार्गारेट निवृत्त झालीच होती. मी त्यांना कोच स्टेशनवर सोडायला गेलो. हीथ्रोची बस होती. सामानात निम्म्या जागेत लहान मुलीचे कपडे. प्रोफे बसच्या दारात ड्रायव्हरला नातीचा फोटो दाखवत होते आणि मागची रांग खोळंबली होती. "बघा, बघा, काळी आहे, माझ्याहून काळी!" ड्रायव्हर बिचारा "लव्हली, मेट, लव्हली" म्हणत होता. त्यांची बोटं फोटोच्या कडेला होती. नंतर काचेतून त्यांनी मला खूण केली, मी जवळ गेलो. काच उघडत नव्हती. ते आतून मोठ्यानं बोलले, मला ओठांवरून समजलं. "वडिलांना सांग, एका केमिस्टनं विचारलंय म्हणून."

तेच माझं त्यांना शेवटचं बघणं. पुढे मी त्यांना जे पत्र पाठवलं ते स्पॅनिशमध्ये होतं. हिरव्या शाईची भीती बाळगून लिहिलं होतं. त्याचं मराठी असं:

आदरणीय प्रोफे,

तोंडी परीक्षा झाली. पास झालो. परीक्षकांनी विचारलं, हा विषय का घेतलास. मी म्हणालो, माझे आईवडील ऊस तोडतात, आणि ते लिहायचं धैर्य नव्हतं म्हणून तुमच्या पणजीबद्दल लिहिलं. डॉक्टर हॅरिएट पुढे वाकून ऐकत होत्या. प्रबंधाचं पहिलं, अर्पणाचं पान आता बदललं आहे. त्यावर आईचं, वडिलांचं आणि सेराफिना लुकुमीचं नाव आहे. तुमचं खाली, वेगळ्या ओळीत.

मंदारलाही सांगितलं. तो चिडला. म्हणाला, "अरे मग मला चार वर्षं सम्राट का म्हणू दिलंस?" आता नुसतं दत्ता म्हणतो.

ग्रंथालयातल्या त्या संध्याकाळी मी प्रश्न विचारला तो हेव्यापोटी. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार, तरी माझ्या हातानं लिहायचं राहिलं होतं. हेवा गेला असं लिहिणार नाही, तुम्ही ते खोटं ओळखाल. तुम्हाला तुमची चूक सगळ्यांसमोर एका दमात कबूल करता आली. मला दोन वर्षं लागली. हा हेवा राहील असं वाटतं.

तुमचा निरोप वडिलांना सांगितला. मी घरी गेलो होतो, टोळी नुकतीच परत आली होती. त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, गुलाम, घंटा, लढाई, कोयता घेऊन लढलेली माणसं, नंतर डॉक्टरसुद्धा फडात उतरले ते. आईही ऐकत होती. वडील शेवटी म्हणाले, "चांगलं झालं त्यांचं. मंग आता तिथं ऊस कोण तोडतंय?"

मला सांगता आलं नाही, प्रोफे. इतकं वाचून सांगता आलं नाही. मी त्यांना म्हणालो, विचारून कळवतो. दिवाळीच्या आत कळवा. त्यानंतर ते घरी नसतात.

तुमचा विद्यार्थी,
दत्ता